खिडक्यांची उतरंड

आमच्या चिंतामणला हाक मारली की तो 'हां' म्हणतो आणि जागचा हलत नाही. जेवायला ये, हां. दारात माणूस आलाय, हां. पाण्याची मोटर चालू राहिली, हां. मी मेले म्हणून कुणी सांगायला आलं तरी हां म्हणेल, आणि तिरडी बांधून झाल्यावर मान वळवून विचारेल, काय म्हणालात. त्याचे वडील रंधा मारता मारता बोलायचे, पण समोरचा बोलायला लागला की रंधा थांबायचा. अंगावरचा भुसा झटकून, कानावरची पेन्सिल हातात घेऊन, माणसाच्या तोंडाकडं बघून ते उत्तर द्यायचे. शिवी द्यायची असली तरी तोंडाकडं बघूनच द्यायचे. सून म्हणते, "आत्या, ते कॉम्प्युटरवर असताना मधी बोलू नका, त्यांची लिंक तुटती." विजयमाला शाळेत शिकवते, तिला असले शब्द येतात. लिंक तुटायला ती काय कोरेगावची एसटी आहे.

आत्तासुद्धा तेच. सांगलीच्या फौंड्रीचे लालासाहेब पहिल्या गाडीनं साताऱ्याला आले, पुढच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली. हे जुनं गिऱ्हाईक. आम्ही लाकडाचे पॅटर्न करून देतो, ते पॅटर्न वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात लोखंड ओततात. चहाचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "चिंतामणराव, एक इचारायचं हुतं. तुमचा हरिबा आलाय माज्याकडं. लेकीकडं ऱ्हातोय सांगलीत. काम द्या म्हणतोय. माजी बारा कास्टिंगं त्याच्या हातानं गेली म्हणालासा, म्हणून इचारतो. ठिवू का त्याला? तुमी म्हणाल तसं." यावर चिंतामण म्हणाला, "हां, एक मिनिट." आणि पडद्याकडं वळला. एक मिनिट म्हणजे किती ते त्याच्या घड्याळात लिहिलेलं नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पावटे सोलत बसले आहे. इथून मला लालासाहेब दिसतात, त्यांच्या चहावर धरत चाललेली साय दिसते आणि चिंतामणची पाठ दिसते. माझ्या हातातली शेंग उसवलेली आहे आणि दाणा काही बाहेर येत नाही.

गेलं वर्षभर मी या पाठीकडंच बघते आहे. आधी या खोलीत ओले पॅटर्न वाळायला ठेवायचे. लाखेचा वास असायचा. पॅटर्नला रंग मी द्यायची. जिथं पुढं यंत्रानं तासायचं तिथं लाल, बाकी काळा. लग्न होऊन आले तेव्हा तिसरी शिकलेली होते, पण पट्टीवरचे इंग्रजी आकडे मला ह्यांनी शिकवले आणि कुठला रंग कुठं थांबतो ते मी डोळ्यांनी शिकले. हे गेले, मग ब्रश चिंतामणच्या हातात दिला आणि मी बाजूला झाले. आता त्या जागी टेबल आहे, टेबलावर डबा, डब्याला पडदा. पडद्यावर आधी एक चित्र असतं आणि त्या चित्रावर खिडक्या येतात. एक आली की तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. पहिल्यांदा मला वाटलं, याला एक खिडकी पुरत नाही, घरातल्या चार बंद करून हा तिथं उघडत बसतो.

खोटं कशाला सांगू, एका रविवारी त्यानं मला सगळं नीट समजावलं होतं. खुर्ची माझ्याकडं वळवून. म्हणाला, "आई, हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर विकतचं. त्यात आपल्या पॅटर्नचं काहीच नसतंय. म्हणून मी त्याला माझं प्लगइन जोडतोय."

"ठिगळ म्हण की."

"ठिगळ न्हवं गं. खिसा. शर्ट त्यांचा, खिसा आपला."

मला ते आवडलं. मग तो बोटानं दाखवायला लागला. पहिली खिडकी विचारते, नग कुठला. तिच्यातून दुसरी उघडते, धातू कुठला. दुसरीतून तिसरी, आक्रस घालायचा का. वरची उघडी असेपर्यंत खालच्या दोघी बहिऱ्या. त्यांच्यावर कितीही दाबा, डबा टुंग करतो आणि काही होत नाही. आधी वरचीचं काम संपवायचं, तिला मिटायचं, मग खालची ऐकते. मी म्हटलं, "मग ही उतरंड झाली." माझ्या माहेरी, जतला, माजघरात मडक्यांची उतरंड होती. तळाला ज्वारीचं मोठं, वर डाळीचं, त्यावर मिरचीचं, सगळ्यात वर मिठाचं. तळातलं हवं तर वरची एकेक उतरवायची आणि काम झालं की त्याच क्रमानं परत चढवायची. चिंतामण माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "व्हय. उतरंडच." आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. त्या दिवशी भाकरी चांगल्या फुगल्या.

मग त्यानं त्यातली अडचणही सांगितली. मध्येच चित्रावरची एखादी रेघ डब्याला दाखवायला लागते. तेवढ्यापुरत्या सगळ्या खिडक्यांनी बाजूला व्हायचं, रेघ दाखवून झाली की परत यायचं, आणि जिच्यात जे भरलं होतं ते भरून यायचं. "पण त्या आपनहून काही ध्यानात ठेवत न्हाईत, आई. बाजूला झाली की ती मेली. परत येती ती नवी जन्मलेली. तिला आधीचं सगळं आपण सांगायला लागतं. म्हणून बाजूला व्हायच्या आत प्रत्येकीचं लिहून ठेवायचं." मी पडद्याकडं बघत होते. मी बाजूला झाले तेव्हा माझ्यात काय भरलं होतं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण हे मी त्याला सांगितलं नाही. रविवार होता, तो हसत होता, कशाला.

लालासाहेबांनी सायीवर फुंकर मारली. साय कपाच्या कडेला जाऊन चिकटली. चिंतामणचं बोट उंदरावर टकटक करतं आहे. कुठलीतरी खिडकी मिटली, दुसरी आली. त्याला काय उत्तर द्यायचं ते माहीत आहे, म्हणून तो उत्तर देत नाही. लहानपणीही असाच. पाटी हरवून आला की आधी पाणी प्यायचा.

आक्रस म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला एक. म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पण दर मापाला गुणाकार कोण करत बसणार, म्हणून ह्यांच्याकडं एक पितळी पट्टी होती, तिच्यावरचा प्रत्येक सेंटीमीटर केसभर मोठा. आकडा चारशेचा वाचायचा, लाकूड चारशे चारचं कापलं जायचं, लोखंड चारशेचं निघायचं. हे तिला खोटी पट्टी म्हणायचे. सांगलीची नोकरी सोडून साताऱ्याला शेड घातली तेव्हा हरिबा ह्यांच्याबरोबर आला, वडूजकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं मला वैनी म्हणतो. ह्यांनी शेवटच्या आजारात ती पट्टी हरिबाच्या हातात दिली, मुलाच्या नाही. मला तेव्हा ते लागलं होतं. चिंतामणलाही लागलं असणार. कॉलेजातून इंजिनियर होऊन आलेला मुलगा, आणि बापाची पट्टी कामगाराच्या खिशात.

मग पौषातली ती गोष्ट झाली. लालासाहेब पंपाच्या घराचं, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचाचं, काम घेऊन आले होते, याच खुर्चीवर बसले होते. चिंतामण त्यांना खिडक्या दाखवत होता, एक उघड, एक मीट. मी चहा ठेवताना सहज म्हणाले, "आरं, मदली मिटलीस न्हाईस, तवर खालची कशी ऐकंल?" बरोबरच बोलले होते. डबा दोनदा टुंग करून तेच सांगत होता. चिंतामण म्हणाला, "आई, तू मधी बोलू नको. तुला यातलं काय कळत न्हाई." लालासाहेब चांगले गृहस्थ, ते कपात बघून हसले. मी ट्रे उचलला. ट्रे मोठा होता आणि त्यात एकच चमचा उरला होता, तो वाजत राहिला, स्वयंपाकघरापर्यंत वाजत राहिला. त्या दिवसापासून मी त्या खोलीत एक शब्द बोलले नाही. बसायची मात्र तिथंच, त्याच्या पाठीमागं, चटईवर, काहीतरी निवडत. माझं घर आहे.

आठवड्यानं पंपाचं काम सुरू झालं. सकाळी हरिबा दारात येऊन सांगून गेला, "चिंतू, आक्रस तू घालू नगं. माजी पट्टी घालती." चिंतामणनं ऐकलं. खरंच ऐकलं. तिसऱ्या खिडकीतल्या छोट्या चौकटीत बरोबरची खूण असते, गुरुजी पाटीवर करायचे तशी. ती त्यानं काढली. चौकट कोरी झाली. मग त्याला चित्रातली कुठली तरी रेघ दाखवायची होती. खिडक्या गेल्या. नुसतं चित्र राहिलं, पांढऱ्या रेघांचं, आणि मला ते पहिल्यांदाच सुंदर वाटलं. गोगलगाईच्या पाठीसारखं वळत गेलेलं. त्यानं रेघ दाखवली. खिडक्या परत आल्या. पहिली आली, आकडे जागेवर. दुसरी आली, जागेवर. तिसरी आली, आणि तिच्या चौकटीत खूण होती. हाकललेलं मांजर मुकाट्यानं परत येऊन चुलीपाशी बसतं तशी बसलेली. त्यानं बघितलं नाही. मी बघितलं. हातात तांदळाचं सूप होतं. शब्द घशापर्यंत आला, मला अजून त्याची चव आठवते, कडवट, न शिजलेल्या पावट्यासारखी. मी मनात म्हटलं, मला कळत नाही ना. आणि एक खडा वेचून बाजूला टाकला. त्यानं बटण दाबलं. प्रिंटर किरकिरायला लागला.

कागद हरिबाकडं गेला आणि थोड्या वेळानं हरिबा कागदासकट परत दारात आला. पायताण काढून, चौकटीला हात लावून उभा. "चिंतू, ह्ये चारशे चार हाय का?"

"हां."

"चारशे न्हवं?"

"हां."

हरिबानं कागदाकडं बघितलं, चिंतामणच्या पाठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या नजरेत एवढंच होतं की वैनी, तुमी तरी. मी सुपात मान घातली. तो गेला. त्याला वाटलं असेल, नगच चारशे चारचा असेल, शिकलेला पोरगा दोनदा हां म्हणतोय. त्यानं कागदावरचा आकडा घेतला आणि खोटी पट्टी लावली. आक्रस दोनदा पडला. मला हे तेव्हाच कळत होतं, अगदी आकड्यासकट. माझ्या मनात एवढंच होतं की चूक लाकडातच दिसेल, एक पॅटर्न वाया जाईल आणि याची जीभ जागेवर येईल. हरिबा यात कुठं येतो ते मी बघितलं नाही. माझ्या रागाला एकच तोंड होतं आणि ते चिंतामणकडं होतं.

मी नऊ वर्षांची असताना जतला असंच झालं होतं. पाऊस नव्हता, टँकरमागं धावायचं वय. आईनं मला सगळी उतरंड उतरवून पुसायला सांगितली. मी उतरवली आणि चढवताना दोन सारख्या मडक्यांची अदलाबदल केली. त्या साली ज्वारीची दोन मडकी होती, तळाला पेरायची, राख लावलेली, तिच्यावर खायची. पेरायची वर आली आणि खायची खाली गेली. दळायला माझी आत्या राहीबाई बसली. ती विधवा, भावाच्या घरात राहणारी. पेरणीचं बी पीठ होऊन परातीत पडलं तेव्हा माझा बाप तिला जे बोलला ते मी दाराआडून ऐकलं. राहीबाईनं जात्यावरचं पीठ हातानं गोळा केलं, एकेक कण, जणू परत दाणे होणार होते. मी दाराआड उभी होते आणि माझ्या बोटांना अजून राख लागलेली होती. ती मी परकराला पुसली. मला वाटायचं, हे मी विसरले. साठीला पोचेपर्यंत एकदाही आठवलं नव्हतं. आठवलं ते सुपात मान घातल्यावर, हरिबाची पावलं शेडकडं जाताना.

पुढचं सगळं झटक्यात झालं. लाकडात चूक दिसली नाही, कारण पट्टीच खोटी आणि आकडाही फुगलेला, दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते. पॅटर्न सांगलीला गेला, बारा नग ओतले गेले आणि एकाचंही झाकण बसेना. भोकांत चार मिलिमीटरचा फरक. लालासाहेबांचा फोन आला. चिंतामण फोन ठेवून शेडमध्ये गेला आणि मी मागोमाग दारापर्यंत गेले. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "हरिबा, तुमची ती पट्टी आता भंगारात टाका. डोळे गेलेत तुमचे." हरिबानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल, मी विचारायला आलो होतो म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काही बोलते का ते बघितलं, आणि तोंड मिटलं. ह्यांच्या मुलाला ह्यांच्या बायकोसमोर खोटं पाडायचं नव्हतं त्याला. जाताना उंबऱ्यावर पट्टी ठेवली. "वैनी, मालकांची हाय." एवढंच. पितळ त्याच्या हातानं कोमट झालेलं होतं. मी ती स्वयंपाकघरात, लाटण्याच्या खिळ्याला अडकवली. रोज पोळ्या करताना ती भिंतीवर हलते.

त्याला तीन आठवडे झाले. परवा चिंतामण खुर्चीतून ओरडला, "सापडलं."

मी आतूनच विचारलं, "काय सापडलं?" पौषापासून त्या खोलीत गेलेला माझा पहिला शब्द.

"तिसरी खिडकी. बाजूला होताना तिचं लिहून ठेवायचं राहिलं हुतं. परत आली की तिची खूण आपोआप यायची. आता केलं नीट."

"मग?"

"मग काय, झालं."

मी उठून दारात गेले. पाठच होती. पण उजव्या कानाची पाळी लाल झाली होती. खोटं बोलला की ती होते, चार वर्षांचा असल्यापासून, ह्यांना माहीत होतं आणि मला. म्हणजे त्याला कळलं होतं. खूण आपोआप यायची, म्हणजे पंपाच्या वेळीही आली असणार, म्हणजे चारशे चार त्यानं दिलेले. हे सगळं त्याच्या डोक्यात एकावर एक रचलेलं होतं आणि तो फक्त वरची खिडकी मिटून बसला होता. मी वाट बघितली. दोन दिवस बघितली. आज लालासाहेब स्वतः आले आणि प्रश्न त्याच्या पुढ्यात ठेवला. यापेक्षा सोपं कुणी काय करणार.

चिंतामणनं खुर्ची अर्धी वळवली. पूर्ण नाही. एक डोळा लालासाहेबांकडं, एक पडद्याकडं. म्हणाला, "हरिबा ना. माणूस चांगला हो, सरळ आहे. पण आता वय झालं. हात राहिला नाही त्याचा. ते पंपाचं तुम्ही बघितलंच. तुम्ही तुमचं बघा बुवा, मी काय सांगू."

लालासाहेब टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होते. "म्हंजी नगं म्हणताय."

"हां," चिंतामण म्हणाला. "तसंच धरा."

मला इथून त्याचा उजवा कान दिसला. मी पावट्याचं ताट खाली ठेवलं. उठायला वेळ लागला, गुडघे धरले होते. खिळ्यावरची पट्टी काढली. ती गार होती आणि वाटली होती त्यापेक्षा जड. पुढच्या खोलीत गेले तर लालासाहेब म्हणाले, "या वैनी, बसा," आणि अंग चोरून खुर्चीच्या कडेला झाले. मी बसले नाही. पट्टी टेबलावर ठेवली, त्याच्या उंदराशेजारी. पडद्यावर तीन खिडक्या उघड्या होत्या, एकावर एक, आणि मागं कुठलं तरी नवं चित्र.

"चिंतामण."

"हां."

"हां नगं. खुर्ची वळीव."

त्यानं वळवली. किती दिवसांनी त्याचं तोंड बघत होते कुणास ठाऊक, दाढीत दोन केस पांढरे झालेले. मला क्षणभर वाटलं, गप बसावं. आपलंच पोर, परक्यासमोर. मग बोटांना राख लागल्यासारखं झालं.

"लालासाहेबांच्या म्होरंच सांगते, कारण मला गप केलास ते बी त्यांच्या म्होरंच. हरिबाचा हात हाय तसा हाय. त्यानं दारात हुबं राहून दोनदा इचारलं, चारशे चार हाय का, चारशे न्हवं का. तू दोन्हीला हां म्हणलास, मान बी वळीवली न्हाईस. तुज्या तिसऱ्या खिडकीत ती खूण परत आलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली, तू दाबायच्या आदी. बघितली आन् सुपात मान घालून बसले, तुजं तोंड फुटावं म्हणून. फुटलं त्या म्हाताऱ्याचं. तवा ह्यात मी धुतल्या तांदळाची हाय असं समजू नगंस. पर मला परवापतुर वाटत हुतं की तुला ठावं न्हाई. तुला ठावं हाय, आन् तू त्याच्या हातातलं दुसरं काम बी काढून घ्याय निगालास. तुज्या बापानं पट्टी तुला का दिली न्हाई ते मला आज समजलं. आता ही घे, लालासाहेबांच्या संगं सांगलीला जा, आन् ती हरिबाच्या हातात दे, लेकीच्या घरात, लेकीच्या देखत. त्यो आमच्याकडं येतो का त्यांच्याकडं ऱ्हातो, ते त्यो ठरवंल. पर आदी त्या खिडक्या मिट. वरनं खाली, एकेक. मग पाव्हण्यांच्या तोंडाकडं बघ, आन् त्यांनी काय इचारलंय त्याचं उत्तर दे."